सदतिसाव्या पेटीतले अकरा भुंगेरे

११ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढलाय, मनात येईल ते वहीत उतरवा, लोकांवर काढू नका. म्हणून ही वही. पहिल्याच दिवशी कारण मिळालं.

सकाळी संग्रहालयाच्या मागच्या दाराशी टेम्पो लागला आणि त्यातून भुंगेऱ्यांच्या त्रेचाळीस पेट्या उतरल्या. माझ्या साडूचा जन्मभराचा संग्रह. गेल्या वर्षी त्याला झटका आला, उजवा हात गेला. आता टाचणी धरता येत नाही, म्हणून सगळं संग्रहालयाला दान. आणि ते तपासून लावायचं कोणी? कीटक विभागात मी एकटाच उरलोय. जूनअखेर निवृत्ती. तेवढे सहा महिने तरी सुखाचे जातील असं वाटलं होतं. साहेब म्हणाले, "तुमचेच नातेवाईक ना? मग बरंच झालं." साहेबांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

तो साडू नंतर झाला, आधी मित्र. माझी मेहुणी त्याला मीच सुचवली, म्हणजे धोंडा मीच आणला आणि मीच पायावर पाडून घेतला. बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका बेटावर महिनाभर एका तंबूत राहिलो. तिथला एक शिंगवाला भुंगेरा नवा आहे हे मी ओळखलं. त्याला पटेना. दोन दिवस वाद घालून पटवून दिलं. परत आलो आणि मला कावीळ झाली, दोन महिने अंथरुणाला खिळलो. उठलो तेव्हा लेख छापून आला होता. लेखक एकटा तो. शेवटी बारीक अक्षरात आभार होते : 'सामान वाहून नेण्यास मदत केल्याबद्दल', आणि पुढे माझं नाव.

त्या दिवसापासून त्याच्या घराची पायरी चढलो नाही. आणि एकाही नव्या प्रजातीचं वर्णन लिहिलं नाही. दुसऱ्यांच्या पेट्यांत डांबराच्या गोळ्या घालत बसलो.

१९ जानेवारी

एकोणतीस पेट्या झाल्या. सगळं जागच्या जागी, एक टाचणी वाकडी नाही. शिव्या द्यायलासुद्धा जागा ठेवलेली नाही मेल्यानं.

२३ जानेवारी

सदतिसावी पेटी. बाकीच्यांपेक्षा लहान, आत नवा पांढरा कागद. एका रांगेत अकरा भुंगेरे, मसुरीच्या दाण्याएवढे, काळे, पाठीवर तांबूस झाक. चिठ्ठीवर त्याच बेटाचं नाव, उत्तरेकडची गुहा, वटवाघळांची विष्ठा, सहा वर्षांपूर्वीची तारीख. प्रजातीच्या नावाची चिठ्ठी मात्र नाही.

एक भिंगाखाली धरला. डोळे बारीक, पाठीवरचे पंख एकमेकांना चिकटून एक कवच झालेलं, उडण्याचा प्रश्नच नाही. असा प्राणी कुठल्याही पुस्तकात नाही. दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. नवा आहे.

प्रत्येक नराच्या बाजूला त्याचा लैंगिक अवयव काढून, साफ करून, पुठ्ठ्यावर चिकटवलाय. दोन भुंगेरे एक की वेगळे, याचा निकाल आमच्यात शेवटी तिथंच लागतो. हे किचकट काम कोणी हौसेनं करत नाही. पण याला सवयच असेल. सहा वर्षं नवी प्रजाती घरात ठेवून बसला आणि पत्ता नाही! आज जेवताना मी दोनदा हसलो. हिनं विचारलं काय झालं, तर काही नाही म्हणालो.

२४ जानेवारी

नाव सुचलं.

नव्या प्रजातीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं. दिलं तर जन्माचं हसं होतं. दुसऱ्याचं मात्र देता येतं, त्याला विचारावंही लागत नाही. आणि एकदा छापलं की ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही. मोठमोठ्या लोकांनी आपल्या वैऱ्यांची नावं गोचिडांना दिलेली आहेत.

तर या भुंगेऱ्याला साडूचं आडनाव, मागे लॅटिन शेपूट लावून. घाणीत राहतो, दिसतं कमी, उडता येत नाही. जगबुडी होईपर्यंत लोक त्याला याच नावानं ओळखतील.

२ फेब्रुवारी

लिहितोय. बावीस वर्षांनी हात बसायला वेळ लागेल वाटलं होतं, पण राग चांगला मास्तर आहे.

आज तर लॉटरीच लागली. विष्ठेत राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पुढच्या पायांवर खणण्यासाठी करवतीसारखे दात असतात. याच्या पायांवर नाहीत. पाच नमुने पाहिले, पाचांचे पाय गुळगुळीत. म्हणजे हा स्वतः खणत नाही, दुसऱ्यानं खणून साठवलेल्यावर डल्ला मारतो. असे चोर भुंगेरे असतात. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. इतकं चपखल तर मला रचूनही जमलं नसतं. वर्णनात सरळ लिहिलं : 'दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा.'

घरी गुणगुणत होतो म्हणे. हिनं फारच खनपटीला बसून विचारलं तेव्हा सांगून टाकलं, की नवा भुंगेरा सापडलाय आणि त्याला तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव देतोय.  हिनं डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "मला माहीत होतं, तुमचं मन एवढं लहान नाही." आता हिला काय सांगू, मन किती लहान आहे ते! कुणाला बोलू नकोस एवढंच बजावलं.

९ फेब्रुवारी

लेख संपादकबाईंकडे पाठवला. नावाची जागा मोकळी सोडली. छपाईच्या आधी कळवतो म्हटलं. या गटाचे जाणकार जगात मोजून पाच, बातमी फुटायला वेळ लागत नाही.

उरलेले सहा नमुने तपासायचे राहिले. पाच पाहिले तेवढे पुरे.

२२ मार्च

परीक्षकाचा अभिप्राय आला. परीक्षक कोण ते लेखकाला सांगत नाहीत, तशी पद्धत आहे. चौदा पानं! वाचायला घेतलं तेव्हा अंगाची लाही लाही झाली. मापं पुन्हा घ्या, अमुक शब्द शास्त्रीय नाही, तमुक वाक्यात लेखकाचा राग दिसतो, भुंगेरा दिसत नाही. कोण हा शहाणा? आणि मग हे : 'हा भुंगेरा चोर नाही. पुढच्या पायांचे दात नसलेले नाहीत, झिजलेले आहेत. गुहेचा तळ दगडी आहे, खणून खणून ते झिजतात. लेखकानं सातवा नमुना पाहावा, तो कोषातून नुकता बाहेर पडलेला आहे.'

नमुने माझ्या टेबलावर आणि हा लांब बसून मला सांगतोय सातवा पाहा! रागाच्या भरात पेटी उघडलीच नाही, तसाच घरी आलो.

२३ मार्च

सातवा पाहिला. दोन्ही पायांवर तीन तीन दात, कोऱ्या करवतीसारखे.

तोंडात मारल्यासारखं झालं. चौतीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसानं झिजलेल्या दाताला 'नाही' म्हणावं? पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असा चुकला असता तर मी त्याला उभं केलं असतं. मला चोर हवा होता, म्हणून मी सहावा, सातवा, आठवा भिंगाखाली धरलाच नाही. रात्रंदिवस दगड खणणारा प्राणी, आणि मी त्याला चोर लिहिलं.

परीक्षकाला कागदावरून सातवा कसा कळला? माझ्या तक्त्यात मी वरवर पाहून त्याचा रंग फिका लिहिलाय, आणि कोषातून नुकता निघालेला भुंगेरा फिका असतो, त्यावरून ताडलं असणार. काय नजर आहे! अभिप्रायाच्या शेवटी एक ओळ आहे, ती काल रागात वाचायची राहिली : 'या लेखकानं इतकी वर्षं लिहिलं नाही, हे या विषयाचं मोठं नुकसान झालं.' असा एक जरी माणूस वेळेवर भेटला असता तर माझं आयुष्य वेगळं गेलं असतं. भेटला तो साडू.

३० मार्च

सगळा लेख नव्यानं लिहिला. अकराही नमुने तपासले. चोर गेला, साडूला टोमणा म्हणून घातलेलं 'बोथट डोकं' गेलं. कवचावरच्या रेघांचं वर्णन लिहिताना दुपारचा चहा विसरलो. नाव तेच. चोर नसला तरी विष्ठेतला आहेच.

६ एप्रिल

मुद्रितं आली. सोमवारपर्यंत तपासून पाठवायची, नावही त्यातच भरायचं.

आणि घरी बॉम्ब. मेहुणीनं दोघांना बोलावलंय, शनिवारी. हिनं बहिणीला सगळं सांगून टाकलंय, फक्त त्याला नाव माझ्याच तोंडून कळावं म्हणून ते दोघींनी त्याच्यापासून लपवलंय. केव्हा सांगितलंस विचारलं तर म्हणाली, मंगळवारी. दर मंगळवारी भेटतो आम्ही, बाजारामागच्या बागेत, बावीस वर्षं. मी समजत होतो मंगळवारी ही शिवणाच्या वर्गाला जाते. बावीस वर्षांत घरात एक उशीचा अभ्राही शिवून झाला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हणे मी निरीक्षण करणारा माणूस!

खूप बोललो. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तुमचं भांडण तुम्ही सांभाळलंत. आम्ही आमची बहीण सांभाळली." नाही जात म्हणणार होतो. मग वाटलं, जावं. नाव ऐकल्यावर त्याचं तोंड कसं होतं ते बघावं. बायकांना मान वाटेल, पण तो भुंगेरेवाला आहे, त्याला बरोबर कळेल.

८ एप्रिल, शनिवार



मेहुणीनं दार उघडलं. केस सगळे पांढरे. "या भावजी," एवढंच म्हणाली, जसा मी परवाच येऊन गेलो होतो. तो खिडकीपाशी खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर उशीसारखा ठेवलेला, ओठ एका बाजूला उतरलेला. शब्द जड येतात. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली. मीही हलवली. बायका बोलत राहिल्या म्हणून बरं.

टेबलावर मायक्रोस्कोप होता आणि त्याच्या शेजारी कागदांचा गठ्ठा. वरचं पान मी लांबूनही ओळखलं, माझंच होतं. माझी नजर मेहुणीला दिसली. कौतुकानं म्हणाली, "तुमचाच लेख. तपासायला आला होता ना. तीन आठवडे दुसरं काही सुचत नव्हतं ह्यांना. हे सांगायचे आणि मी लिहून घ्यायची. चौदा पानं झाली."

"अगं, ते सांगायचं नसतं," तो म्हणाला.

 जी ओळ मी पंधरा दिवस मनात घोळवत होतो ती याची. सातवा नमुना याला तक्त्यावरून कळला नव्हता, त्यानं स्वतःच्या हातानं टोचला होता. आणि ते अवयव काढून ठेवलेले, तो नवा पांढरा कागद! नवा आहे हे त्याला केव्हाच कळलं होतं. ज्याला समोरचं दिसत नाही असा गाढव मी त्याच्यात शोधत होतो, आणि तो गाढव रोज माझी चप्पल घालून संग्रहालयात जात होता.

बायका चहाला आत गेल्या. मी विचारलं, पेटी मुद्दाम पाठवलीस? म्हणाला, सहा वर्षं तुझ्यासाठी ठेवली होती, द्यायचं धाडस झालं नाही. हमालांना तीनदा सांगितलं होतं सगळ्यात वर ठेवा. कितवी निघाली?

सदतिसावी म्हटलं. तो हसला, अर्ध्या तोंडानं.

मग त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं. सरळ, त्याच्या डोळ्यांत बघून. त्यानं गठ्ठ्यातलं वरचं पान डाव्या हातानं जवळ ओढलं.

"पहिल्या मसुद्यात तो चोर होता."

"हो."

"म्हणजे नाव तेव्हाच ठरलं होतं."

"हो. सोमवारपर्यंत बदलता येईल."

"बदलू नकोस," तो म्हणाला. एकेक शब्द वेगळा येत होता. "तेव्हा माझ्याकडेही मुद्रितं चार दिवस होती. ते सामानाचं वाक्य मी रोज वाचायचो. खोडलं नाही."

बावीस वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. का?

"शिंगवाला तू ओळखलास. मी दोन दिवस म्हणत होतो नवा नाही. मला ते सहन झालं नाही."

एवढंच! मी इतकी वर्षं काय काय कारणं रचली होती आणि निघालं एवढंच. त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण पांगळ्या माणसाची गचांडी धरता येत नाही आणि तो त्याचाच फायदा घेत होता. चहा आला. मी निमूट प्यालो.

९ एप्रिल

डोकं ठणकतंय. काल वाटलं होतं राग उतरेल. दुप्पट झालाय.

काय समजतो काय हा स्वतःला? माझा तीर मी नेम धरून मारला, तर याचं म्हणणं, मार, इथंच मार, मी याच लायकीचा आहे. म्हणजे शिक्षा भोगून मोकळा. आणि मी? लेखावर माझं एकट्याचं नाव. गोळा त्यानं केलं, ओळखलं त्यानं, अवयव काढले त्यानं, माझी चूकही त्यानंच दुरुस्त केली, आणि लेखक मी. याला आमच्यात काय म्हणतात ते मला बावीस वर्षं तोंडपाठ आहे.

त्याला लेखक केलं तर नाव काढावं लागणार, कारण स्वतःचं नाव स्वतःच्या भुंगेऱ्याला देत नाहीत. नाव ठेवलं तर त्याला लेखक करता येत नाही. दोन्ही मिळणार नाही. त्यानं आपलं निवडलंय. पण मुद्रितं माझ्याकडे आहेत.

१० एप्रिल, सोमवार

लेखक म्हणून त्याचं नाव पहिलं घातलं, माझं दुसरं. त्याला विचारलं नाही. त्यानंही विचारलं नव्हतं.

प्रजातीचं नाव खोडलं. दुसरं सुचेना. शेवटी हिचं आणि मेहुणीचं माहेरचं आडनाव लिहिलं, शेपटासकट. त्या दोघी बावीस वर्षं बागेत बसत होत्या, एवढं तरी मिळायला हवं.

११ एप्रिल

संपादकबाईंचा फोन. एवढ्या संतापलेल्या मी त्यांना कधी ऐकलं नाही. परीक्षकच लेखक कसा होईल? या अंकातून लेख काढला, नवा परीक्षक शोधणार, छपाई वर्षअखेरीस. म्हणजे मी नोकरीत असेपर्यंत ही प्रजाती माझ्या नावावर लागणार नाही, नावापुढे 'निवृत्त' छापून येईल. चालेल म्हणालो. शिवाय दोन्ही लेखकांची लेखी संमती हवी. तिथं घोडं अडलं. तो देणार नाही.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, चोरासकट.  ऐकून झाल्यावर ही पहिलं वाक्य बोलली ते हे : "वटवाघळांच्या घाणीतल्या किड्याला माझ्या बाबांचं आडनाव?" आणि उठून आत गेली. 

१२ एप्रिल

संपादकबाईंनी कळवलं, त्याच्या ईमेलवरून त्यांना एका ओळीचं पत्र आलंय, माझी संमती आहे म्हणून. त्याची पत्रं मेहुणीच टाइप करते. तिच्या कानावर हे कुणी घातलं असेल ते मला कळतंय. आज मंगळवार नव्हता तरी ही दुपारी बाहेर गेली होती.

१४ एप्रिल

सकाळी फोन वाजला. पलीकडून नुसता घरघराट. ही म्हणाली काही कळत नाही, कुणाचा आहे बघा. मला सगळं कळत होतं. मला विचारलंस का, कुणाच्या परवानगीनं, माझ्याच घरात माझ्या पाठीमागे, मी तुझ्यापाशी काही मागितलं होतं का! मी म्हटलं, नाही विचारलं. पुन्हाही विचारणार नाही. तो म्हणाला, नाव काढ माझं. मी म्हटलं, हात लावून दाखव. तो म्हणाला, हात असता तर दाखवला असता. मी म्हटलं, तोंड आहे ना, मग एवढी वर्षं काय केलंस त्याचं?  तो पुन्हा सुरू झाला. मीही झालो. तिकडून मेहुणी त्याला सांगत होती हळू बोला, इकडून ही मला. पाऊण तास भांडलो. घसा बसलाय.

शेवटी म्हणतो कसा, माझं मधल्या पायाचं माप अजून चुकलेलं आहे, अकराही नमुन्यांचं. चुकलेलं नाही. उद्या सकाळीच जातो आणि त्याच्या डोळ्यांसमोर मोजून दाखवतो.